मायक्रोकंट्रोलरवरून लिनक्स बोर्डावर जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्डुइनो किंवा ईएसपी३२ वर हात बसला आहे, ब्रेडबोर्डाची भीती गेली आहे आणि आता रास्पबेरी पायसारखा (पुढे नुसतं 'पाय') लिनक्स चालवणारा बोर्ड खुणावतो आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. तुम्हाला सर्किट जोडता येतं, सी भाषेत साधा प्रोग्रॅम लिहिता येतो, पण लिनक्सशी फारशी ओळख नाही, असं धरून चाललो आहे.

### मला लिनक्स बोर्ड खरंच हवा आहे का?

बहुतेक वेळा नको असतो. दर दहा मिनिटांनी तापमान मोजायचं, कुंडीतली माती कोरडी पडली की पंप लावायचा, दार उघडलं की बझर वाजवायचा, या कामांना लिनक्स लावलं तर कटकटच वाढते. नुसतं वाय-फाय हवं म्हणून कुणी पाय घेत असेल तर आधी ईएसपी३२ किंवा पिको डब्ल्यू बघावा. छोटं वेबपान दाखवणं, एमक्यूटीटीवर (नेटवर्कवरून छोटे संदेश पाठवायची पद्धत) आकडे पाठवणं ही कामं ते आरामात करतात.

लिनक्सची गरज कधी पडते? कॅमेऱ्याचं चित्र घेऊन त्यातून काही ओळखायचं असेल, मोठा स्क्रीन जोडायचा असेल, वर्षभराच्या नोंदी डेटाबेसमध्ये ठेवून त्यांचे आलेख दाखवायचे असतील, यूएसबीची तयार उपकरणं (वेबकॅम, साउंड कार्ड, मोबाइल मोडेम) लावायची असतील, किंवा एकाच वेळी चार वेगवेगळी कामं चालवायची असतील तेव्हा. यातलं एकही तुमच्या यादीत नसेल तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचवा.

### दोन्हींत नेमका फरक काय? नुसता वेग का?

आकडे बघितले तर तसंच वाटतं. आर्डुइनो उनोच्या जुन्या आवृत्त्यांवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, तिच्याकडे ३२ किलोबाइट फ्लॅश आणि जेमतेम २ किलोबाइट रॅम. पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटासा बोर्डसुद्धा चार कोअर, १ गिगाहर्ट्झ आणि ५१२ मेगाबाइट रॅम घेऊन येतो. रॅममधला फरक अडीच लाख पटींचा.

पण खरा फरक मालकीचा आहे. मायक्रोकंट्रोलरवर तुमचा प्रोग्रॅम एकटा घरमालक असतो. लिनक्सवर तो वसतिगृहात राहायला जातो: नळावर नंबर लागेल तेव्हा पाणी. प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो. वाय-फायचा ड्रायव्हर, एसडी कार्डावर लिहिणारी प्रक्रिया, पार्श्वभूमीला चालणाऱ्या पन्नास-शंभर सेवा, सगळे रांगेत असतात. त्या बदल्यात तुम्हाला तयार नेटवर्क, फाइल सिस्टिम, हजारो लायब्ररी मिळतात. सोडावा लागतो तो वेळेवरचा हक्क. 'बरोबर या क्षणी ही पिन हाय कर' असं म्हणण्याची मुभा आता तुमच्याकडे नाही. पुढच्या बऱ्याचशा उत्तरांचं मूळ इथेच आहे.

### बोर्ड कोणता घ्यावा?

पहिलाच असेल तर रास्पबेरी पाय. तो सगळ्यात वेगवान किंवा स्वस्त आहे म्हणून नव्हे, अडचण आली की उत्तर सापडतं म्हणून. २०१२ साली पहिला पाय आला तेव्हापासूनचा हा साठा आहे. नेमकं मॉडेल कामावर ठरवा: सेन्सर आणि छोटा सर्व्हर असेल तर झीरो २ डब्ल्यू पुरतो, कॅमेरा आणि स्क्रीन असेल तर पाय ४ किंवा ५.

ऑरेंज पाय, बनाना पाय, रॅडक्सा, ओड्रॉइड असे अनेक पर्याय आहेत आणि कागदावर ते पुष्कळदा सरस दिसतात. घेण्याआधी एकच तपासा: त्या चिपला मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आधार आहे, की कंपनीने कधीतरी एक जुना कर्नल जोडून-तोडून दिला आहे? दुसरा प्रकार असेल तर दोन वर्षांनी सुरक्षा अपडेटही मिळत नाहीत आणि नवी लायब्ररीही चालत नाही. आर्मबियन हा प्रकल्प अशा अनेक बोर्डांसाठी नीट लिनक्स पुरवतो. तुमचा बोर्ड तिथल्या चांगल्या आधाराच्या यादीत दिसला तर निर्धास्त घ्या.

बीगलबोन ब्लॅकचा उल्लेख वेगळा करायला हवा. २०१३ चा बोर्ड, आजच्या मानाने मंद, पण त्याच्या चिपमध्ये लिनक्सपासून अलिप्त असे दोन छोटे २०० मेगाहर्ट्झचे कोअर आहेत, पीआरयू नावाचे. त्यांची एकेक सूचना ५ नॅनोसेकंदांत होते आणि तिथे कर्नल ढवळाढवळ करत नाही. शिकायला अवघड, पण ज्यांना वेळेचं काम आणि लिनक्स एकाच बोर्डावर हवं आहे त्यांना अजूनही मोलाचा.

आणि रास्पबेरी पाय पिको हा नावात पाय असला तरी लिनक्स बोर्ड नव्हे. त्यातली आरपी२०४० ही मायक्रोकंट्रोलरच आहे, २६४ किलोबाइट रॅमची.

### माझे ५ व्होल्टवाले सेन्सर चालतील का?

थेट जोडू नका. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ व्होल्ट सहन करण्याची त्यांची तयारी नाही. उनोवर वाढलेल्या हातांना हा नियम जड जातो, कारण उनो बराच दणकट असतो. तिथे एका पिनमधून २० मिलिअँपिअर सहज घेतले जातात. पायच्या पिनवर १६ च्या वर जाऊ नये, आणि सगळ्या पिनांची बेरीज त्याहून फार वाढू देऊ नये. एलईडीला आधी २२० ओहमचा रेझिस्टर लावत असाल तर इथे ३३० किंवा ४७० लावा, उजेडात फारसा फरक पडत नाही.

सेन्सरकडून येणारा ५ व्होल्टचा संकेत उतरवायला दोन रेझिस्टर पुरतात. सेन्सरची पिन, मग १ किलोओहम, मग पायची पिन, आणि त्याच जोडावरून २ किलोओहम ग्राउंडला. पाचाचे दोन तृतीयांश म्हणजे ३.३३ व्होल्ट. संथ संकेतांना हे चांगलं चालतं. वेगवान एसपीआय असेल तर लेव्हल शिफ्टर मॉड्यूल वापरा.

आय२सी मॉड्यूलांमध्ये एक छुपी खोच असते. पायवर एसडीए आणि एससीएल या दोन्ही तारांना आधीच १.८ किलोओहमचे पुल-अप ३.३ व्होल्टला जोडलेले आहेत. बाजारातल्या मॉड्यूलवरही स्वतःचे पुल-अप असतात, आणि मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवलं तर ते पाचाला ओढतात. म्हणून पायला जोडण्याआधी मॉड्यूलला एकट्याने वीज द्या आणि एसडीए पिनवर मल्टीमीटर लावा. ५ दिसले तर तारा जोडण्याआधी विचार करा. बहुतेक मॉड्यूल ३.३ वरही चालतात, त्यांना तेवढेच द्या म्हणजे प्रश्न मिटला.

### अ‍ॅनालॉग पिना कुठे गेल्या?

पायवर त्या नाहीतच. पोटेन्शिओमीटर, एलडीआर, मातीतला ओलावा मोजणारा साधा सेन्सर यांच्यासाठी व्होल्टेजचे आकडे करणारी वेगळी एडीसी चिप लागते. एमसीपी३००८ एसपीआयवर चालते, आठ चॅनल आणि १० बिट देते, म्हणजे उनोइतकीच बारकाई. एडीएस१११५ आय२सीवर चालते, चार चॅनल पण १६ बिट. हळू बदलणारे आणि बारीक संकेत असतील तर दुसरी घ्या. बीगलबोनवर अ‍ॅनालॉग पिना आहेत, पण त्यांची कमाल मर्यादा १.८ व्होल्ट आहे, हे विसरलात तर चिप जाते.

### पिन नंबरांचा गोंधळ का होतो?

कारण दोन पद्धती आहेत. एक म्हणजे ४० पिनांच्या पट्टीवरचा क्रमांक, दुसरी म्हणजे चिपमधला जीपीआयओ क्रमांक. पट्टीवरची १२ वी पिन म्हणजे जीपीआयओ १८. लेख एका पद्धतीने लिहिलेला, तुम्ही जोडलं दुसऱ्या पद्धतीने, की काहीच घडत नाही किंवा नको ते घडतं. जीपीआयओ क्रमांक वापरायची सवय लावा, नव्या लायब्ररी तोच मानतात. आणि पट्टीवरची १ ली पिन ३.३ व्होल्टची, तिच्या शेजारची २ री ५ व्होल्टची, हे डोळे मिटून आठवलं पाहिजे. या दोन पिनांच्या शेजारामुळे बरेच बोर्ड गेले आहेत.

### जुन्या लेखातला कोड माझ्या पाय ५ वर चालत नाही. का?

पाय ४ पर्यंत पिना थेट मुख्य चिपमधून यायच्या. २०२३ च्या पाय ५ मध्ये त्या आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर गेल्या. आरपीआय-जीपीआयओ ही जुनी पायथॉन लायब्ररी मुख्य चिपच्या रजिस्टरांत थेट हात घालायची, त्यामुळे तिचा निरुपाय झाला. जीपीआयओझीरो वापरा. ती आतून योग्य मार्ग निवडते. सी मध्ये लिहिणार असाल तर लिबजीपीआयओडी. फायलींत ० आणि १ लिहून पिन हलवायची सिसएफएस पद्धत अजून कित्येक लेखांत दिसते. कर्नलवाल्यांनी ती कधीच मोडीत काढली आहे, नव्या कामात वापरू नका.

### तोच सेन्सर आर्डुइनोवर अचूक चालायचा, इथे आकडे नाचतात. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर घ्या. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तो ऐकू न येणारा आवाज सोडतो, आणि प्रतिध्वनी येईपर्यंत एको पिन हाय ठेवतो. आपण तेवढा काळ मोजायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे जाऊन-येऊन एका सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद लागतात.

उनोवर एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची. पल्स मोजायला बसलेला उनो मधूनच टायमरची नोंद करायला काही मायक्रोसेकंद उठतो, बाकी त्याचं लक्ष पिनवरच असतं. पायवर तुमचा पायथॉनचा लूप पिन बघत असतो आणि नेमक्या त्याच वेळी कर्नल म्हणतो, थांब, वाय-फायचं पॅकेट आलंय. परत नंबर लागेपर्यंत १ मिलिसेकंद गेला तर अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला. शंभर वाचनं ठीक येतात आणि एखादं मधूनच भलतंच येतं, ते यामुळे. सरासरी काढून हे झाकलं जात नाही, कारण ते एक भलतं वाचन सरासरीलाही ओढून नेतं. पाच वाचनं घेऊन त्यातलं मधलं घ्या, लगेच सुधारणा दिसेल. त्याहून बरा उपाय म्हणजे लूपने पिन बघत बसण्याऐवजी लिबजीपीआयओडीकडून बदलाची सूचना घेणं. त्या सूचनेवर वेळेचा शिक्का कर्नल स्वतः मारतो, तुमचा प्रोग्रॅम उशिरा जागा झाला तरी आकडा बिघडत नाही.

डीएचटी२२ ची गतही हीच. त्याच्या तारेवर शून्य म्हणजे सुमारे २७ मायक्रोसेकंद हाय आणि एक म्हणजे ७०. चाळीसेक मायक्रोसेकंदांच्या फरकावर सगळा निकाल. तो सेन्सर सोडा आणि आय२सीवरचा बीएमई२८० घ्या. तिथे ठोका आपला बोर्ड देतो, उशीर झाला तरी सेन्सर थांबतो. डब्ल्यूएस२८१२ एलईडी पट्टी तर आणखी हट्टी, एकेक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा. पायवर ती डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर) किंवा एसपीआयच्या आडमार्गाने चालवणाऱ्या लायब्ररी आहेत, साध्या लूपने ती चालणार नाही.

### मग रिअल-टाइम कर्नल बसवू का?

प्रीएम्प्ट-आरटी हे काम वर्षानुवर्षं वेगळे पॅच म्हणून फिरत होतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ६.१२ आवृत्तीपासून ते मुख्य कर्नलमध्ये आलं. त्याने सरासरी वेग वाढत नाही, वाईटात वाईट उशीर आवाक्यात येतो, दहा ते शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात. रोबोटच्या मोटरींना सेकंदातून हजार वेळा आज्ञा द्यायच्या असतील तर उपयोग आहे. वरच्या एलईडी पट्टीला नाही. छंदाच्या कामात या वाटेला जाण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

### सर्वो थरथरतो, त्याचं काय?

तेच दुखणं. सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स लागतो. सॉफ्टवेअरने बनवलेल्या पल्समध्ये ५० मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या ५ टक्के. हार्डवेअर पीडब्ल्यूएम असलेली पिन वापरा. दोनहून जास्त सर्वो असतील तर सरळ पीसीए९६८५ मॉड्यूल घ्या: १६ चॅनल, आय२सीवर दोन तारा, आणि पल्सची चिंता त्याची. सर्वोंना वीज मात्र बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून देऊ नका. वेगळा सप्लाय द्या आणि ग्राउंड एकत्र जोडा.

### आर्डुइनो आणि पाय दोन्ही एकत्र वापरता येतात का?

येतात, आणि माझं मत विचाराल तर हीच खरी रचना आहे. बोर्ड 'सोडून' पुढे जायचं ही कल्पनाच चुकीची. वेळेचं सगळं काम खालच्या मायक्रोकंट्रोलरकडे, डोक्याचं आणि नेटवर्कचं काम वरच्या लिनक्सकडे. उत्पादकांनाही हे पटलेलं दिसतं: २०१३ च्या आर्डुइनो युनवर लिनक्स चिप आणि मायक्रोकंट्रोलर शेजारी शेजारी होते, आणि २०२५ मध्ये आलेल्या आर्डुइनो उनो क्यूवरही क्वालकॉमचा प्रोसेसर आणि एसटीएम३२ अशीच जोडी आहे.

घरी करायला यूएसबी केबल पुरते. आर्डुइनो जोडला की पायवर तो टीटीवायएसीएम० किंवा टीटीवाययूएसबी० या नावाने डेव्ह फोल्डरमध्ये दिसतो. परवानगी नाकारली असा संदेश आला तर तुमचा यूजर डायलआउट गटात नाही. त्यात घाला, लॉगआउट करून परत या. केबलने जोडल्यावर ५ आणि ३.३ व्होल्टची भानगडही उरत नाही.

आता एक हमखास अडखळण्याची जागा. पायथॉनमधून पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो, कारण पोर्ट उघडताना डीटीआर ही तार खाली जाते आणि बोर्डावर ती रीसेटला जोडलेली असते. प्रोग्रॅम अपलोड करायला ही सोय केलेली आहे. पोर्ट उघडून लगेच पहिली आज्ञा पाठवली तर ती बूटलोडरच्या घशात जाते. दोन सेकंद थांबा. त्याहून बरं म्हणजे आर्डुइनोने तयार झाल्यावर 'तयार' अशी ओळ पाठवावी आणि पायने ती येईपर्यंत वाट बघावी. पोर्ट एकदाच उघडून धरून ठेवा, प्रत्येक आज्ञेला उघडबंद करू नका.

बोलण्याची पद्धत साधी ठेवा. एका ओळीत एक आज्ञा, स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे, शेवटी नवी ओळ. सीरियल मॉनिटर उघडून हातानेही तपासता येतं. बायनरी प्रोटोकॉलची हौस नंतर भागवा.

मोटर किंवा हीटर जोडलेला असेल तर आर्डुइनोला एक नियम शिकवाच: पायकडून समजा एक सेकंद काही आलं नाही तर सगळं बंद. लिनक्स अडकला, केबल निघाली, प्रोग्रॅम मेला, काहीही झालं तरी हीटर तापत राहणार नाही. ही ओळ मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्येच असली पाहिजे. अडकलेल्या लिनक्सकडून सावधगिरीची अपेक्षा धरता येत नाही.

### लूप लिहिला तर प्रोसेसर १०० टक्के दाखवतो. हे बरोबर आहे का?

आर्डुइनोवर लूप अखंड फिरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. इथे तसा फिरवला तर एक कोअर फुकट तापतो आणि बाकीच्यांना जागा कमी मिळते. लूपमध्ये १० मिलिसेकंदांची झोप टाकली तरी वापर एकदम खाली येतो. बटणासारख्या गोष्टींसाठी विचारत बसू नका, घटना घडली की फंक्शन बोलावलं जाईल अशी जोडणी करा. जीपीआयओझीरोमध्ये ती एका ओळीत होते.

### पायथॉन की सी?

पायथॉन. सी अवघड आहे म्हणून नव्हे. इथे वेळ जातो तो नेटवर्क, कार्ड आणि सेन्सरची वाट बघण्यात, भाषेचा वेग क्वचितच आड येतो. आला तर तेवढाच भाग सी मध्ये लिहा.

### लायब्ररी बसवताना 'बाहेरून सांभाळलेलं वातावरण' अशा अर्थाची चूक येते.

रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ मधल्या बुकवर्म आवृत्तीपासून पिप (पायथॉनच्या लायब्ररी बसवणारा प्रोग्रॅम) मुख्य पायथॉनला हात लावू देत नाही, कारण त्याच पायथॉनवर प्रणालीची स्वतःची हत्यारं चालतात. प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि त्यात हवं ते बसवा. अडथळा मोडून काढणारा पर्याय चूक संदेशातच दिलेला असतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

### वीज आली की माझा प्रोग्रॅम आपोआप सुरू कसा होईल?

मायक्रोकंट्रोलर वीज आल्याबरोबर कामाला लागतो, लिनक्स बोर्ड वीस-तीस सेकंद घेतो आणि तुमचा प्रोग्रॅम कोणता हेही त्याला सांगावं लागतं. योग्य जागा सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम. दहा-बारा ओळींची सेवा फाइल लिहा: कोणता प्रोग्रॅम, कोणत्या यूजरने, आणि बंद पडला तर परत सुरू करायचा की नाही. क्रॉनटॅबनेही (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी यादी) सुरुवात करता येते, पण प्रोग्रॅम मेला तर तो बघायला येत नाही.

हाताने चालतो आणि सेवेतून चालत नाही, ही तक्रार नेहमीची. तीन गोष्टी बघा. फायलींचे पत्ते पूर्ण लिहिलेत का? व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्याच पायथॉनचा पत्ता दिला आहे का? आणि नेटवर्क उभं राहण्याआधीच प्रोग्रॅम धावत तर नाही ना? उत्तर सिस्टमडीच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावली की सीरियल मॉनिटरची आठवण येणार नाही.

पूर्ण बोर्डच गोठला तर? पायमध्ये हार्डवेअर वॉचडॉग आहे. सिस्टमडीला तो सांभाळायला सांगा, काही सेकंद दाद मिळाली नाही तर बोर्ड स्वतःच रीबूट होतो.

### प्लग उपटला तर चालेल ना? आर्डुइनोचा तर रोज उपटतो.

इथे ही सवय सोडावी लागेल. आर्डुइनोचा प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये असतो आणि चालताना त्यात कुणी लिहीत नाही. लिनक्स मात्र कार्डावर सतत काहीतरी लिहीत असतो, लॉग, तात्पुरत्या फायली, डेटाबेस. शिवाय लिहिलं असं वाटतं तेव्हा ते पुष्कळदा अजून रॅममध्येच असतं, कार्डावर काही सेकंदांनी उतरतं. फाइल सिस्टिम स्वतःच्या बदलांची नोंद ठेवते म्हणून ती बहुतेक वेळा सावरते. खरा धोका कार्डाच्या पोटात आहे: कार्डाचा कंट्रोलर मोठाले ब्लॉक पुसून डेटा इकडून तिकडे हलवत असतो, आणि त्या मध्यात वीज गेली तर तुम्ही हातही न लावलेली फाइल बिघडू शकते.

उपाय चढत्या क्रमाने सांगतो. शटडाउनची आज्ञा देऊन, हिरवा दिवा शांत झाला की वीज काढा. त्यासाठी एक बटण जोडा. जीपीआयओ शटडाउन नावाचा तयार ओव्हरले (हार्डवेअरची जोड-सेटिंग) आहे, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली की झालं. पाय ५ वर बटण आधीच आहे. वीज भरवशाची नसेल तर ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये तो पर्याय मिळतो. मग कार्ड फक्त वाचलं जातं, सगळं लिहिणं रॅममध्ये होतं आणि प्लग उपटला तरी पुढच्या वेळी बोर्ड जसाच्या तसा उठतो. नोंदी ठेवायच्या असतील तर त्या वेगळ्या यूएसबी ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर. आणि दर सेकंदाला डेटाबेसमध्ये एकेक ओळ लिहिण्यापेक्षा मिनिटभराच्या साठ ओळी एकदम लिहा, कार्डाचं आयुष्यही वाढतं.

चांगल्या चालणाऱ्या कार्डाची एक प्रत काढून ठेवा. बिघडलं की पंधरा मिनिटांत परत उभं राहता येतं.

### कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं आणि बोर्ड मधूनच अडखळतो.

व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेल्याचा तो इशारा आहे. दोष बहुधा केबलचा. २ अँपिअर वाहत असताना केबलचा रोध ०.२ ओहम असला तरी ०.४ व्होल्ट वाटेतच संपतात, अडॅप्टर ५ देत असला तरी बोर्डाला ४.६ मिळतात. फोन चार्ज होतो म्हणजे केबल चांगली, असं नसतं. फोन कमी करंटवरही निमूट चार्ज होत राहतो. पाय ४ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा. पाय ५ ला ५ अँपिअरचा. कमीवर तो चालतो, पण यूएसबी उपकरणांना मिळणारा करंट कापतो.

### बॅटरीवर किती चालेल?

गणित करा. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक आतून ३.७ व्होल्टची, म्हणजे ३७ वॉट-तास. रूपांतरात काही जाऊन हाती तीसेक लागतात. ३ वॉट खाणारा पाय दहा तासांत तिचा फडशा पाडतो. उलट ईएसपी३२ दर दहा मिनिटांनी तीन सेकंद जागा होऊन १२० मिलिअँपिअर घेत असेल आणि बाकी वेळ गाढ झोपत असेल, तर सरासरी ०.६ मिलिअँपिअर पडते. २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चार महिने टिकायला हवी, बोर्डावरचा रेग्युलेटर आणि दिवा यांनी मध्ये हात मारला नाही तर. शेतात, छतावर, झाडावर ठेवायच्या वस्तूसाठी लिनक्स निवडू नका.

### मॉनिटर आणि कीबोर्ड लागतो का?

नाही. कार्ड तयार करतानाच इमेजर प्रोग्रॅममध्ये वाय-फाय, यूजरचं नाव, पासवर्ड आणि एसएसएच (नेटवर्कवरून बोर्डाला आज्ञा द्यायची सोय) भरून ठेवा. मग आपल्या कॉम्प्युटरवरून बोर्डाच्या नावापुढे 'डॉट लोकल' लावून आत शिरता येतं. 'पाय' नावाचा यूजर आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड हे जुन्या लेखांतलं युग एप्रिल २०२२ मध्ये संपलं.

### नेटवर्क नसलं की तारीख चुकते.

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळाची चिप नाही. ते नेटवर्कवरून वेळ विचारतात आणि नेटवर्क नसेल तर शेवटच्या बंदच्या वेळेपासून पुढे मोजतात. डीएस३२३१ मॉड्यूल आय२सीवर जोडा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, त्याला बॅटरी मात्र वेगळी लावावी लागते.

### बाहेरून इंटरनेटवरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडू का?

नको. उघडलेल्या एसएसएच पोर्टावर पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम बघता बघता येऊन धडकतात. वायरगार्डसारखा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कात शिरायचा बंदिस्त मार्ग) लावा आणि त्यातून आत या. मायक्रोकंट्रोलर बहुधा फक्त आपले आकडे बाहेर पाठवायचा, तुमचा लिनक्स बोर्ड मात्र पूर्ण कॉम्प्युटर आहे. महिन्यातून एकदा अपडेट करणं हा कामाचा भाग धरा.

### आय२सी सेन्सर जोडला, पण सापडतच नाही.

आधी रास्पी-कॉन्फिगमध्ये आय२सी चालू केलं का ते बघा, मुळात ते बंद असतं. मग आय२सी शोधणारी आज्ञा बस क्रमांक १ वर चालवा. एक चौकट उमटते. बीएमई२८० असेल तर तिच्यात ७६ किंवा ७७ दिसलं पाहिजे. काहीच दिसत नसेल तर एसडीए आणि एससीएल उलटे लागले आहेत का बघा. उलटे लागल्याने काही जळत नाही. तारा बरोबर असतील तर मल्टीमीटर लावा, दोन्ही तारांवर शांत असताना ३.३ व्होल्ट हवेत. एखादीवर शून्य असेल तर ती कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे किंवा सेन्सर मध्येच अडकून तार खाली ओढून बसला आहे. अशा वेळी पाय रीबूट करून भागत नाही, कारण रीबूटमध्ये सेन्सरची वीज जातच नाही. सेन्सरची ३.३ व्होल्टची तार काढून परत लावा. पत्ता दिसतो पण वाचन मधूनच फसतं, असं असेल तर तारा आखूड करा आणि कॉन्फिग फाइलमध्ये बसचा वेग कमी करून बघा. जुन्या पायमधल्या आय२सी हार्डवेअरला, सेन्सरने ठोका लांबवला तर नीट सांभाळता येत नाही, आणि वेग उतरवला की ती तक्रार बहुधा थांबते.